चिखलातला वायू आणि मंदावलेला ध्वनी

आजचे नालासोपारा लोकल गाड्यांच्या गर्दीमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण इतिहासात त्याची ओळख शूर्पारक किंवा सोपारा या बंदराची आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे एका स्तूपाचे अवशेष आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. एके काळचे हे बंदर आज समुद्रापासून काही किलोमीटर आत आहे. मधल्या खाड्या गाळाने भरत गेल्या.

हा गाळ किनाऱ्यापाशी संपत नाही. उत्तर कोकणासमोरच्या उथळ समुद्राच्या तळावरही तो दूरवर पसरलेला आहे. पाने, मुळे, शेवाळ आणि मृत जीव त्यात गाडले जातात. जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा थरांत जिवाणू या अवशेषांचे विघटन करतात आणि मिथेन वायू तयार होतो. १७७६ मध्ये इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि हा वायू जळतो हे दाखवले.

काठावरचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात. पण वीस-तीस मीटर पाण्याखाली, तळाच्या चिखलात दडलेला वायू कसा ओळखायचा? तो ओळखता येतो ध्वनीच्या साह्याने. ही गोष्ट कशी साधली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

वेग कशावर ठरतो?

‘पाणी हवेपेक्षा घन आहे, म्हणून पाण्यात ध्वनी जलद जातो’ असे उत्तर अनेक उत्तरपत्रिकांत आढळते. ते चुकीचे आहे. १६८७ मध्ये न्यूटन यांनी मांडलेल्या सूत्रानुसार ध्वनीचा वेग दोन गोष्टींवर अवलंबून असतो: माध्यमाची स्थितिस्थापकता, म्हणजे दाबले असता आकसायला ते किती विरोध करते, आणि माध्यमाची घनता. पहिलीला दुसरीने भागून वर्गमूळ काढले की वेग मिळतो. म्हणजे घनता वाढली तर वेग कमी व्हायला हवा! न्यूटन यांचे हवेसाठीचे उत्तर प्रत्यक्षापेक्षा कमी आले होते. ध्वनितरंगात हवा दाबली जाताना क्षणभर तापते, हे लक्षात घेऊन लाप्लास यांनी १८१६ मध्ये ती त्रुटी दूर केली.

पाण्यातील वेगाचे प्रसिद्ध मापन १८२६ चे. जिनिव्हा सरोवरात कोलाडों आणि स्टुर्म यांनी एका नावेजवळ पाण्यात घंटा टांगली. घंटेवर टोला पडताच वर दारूचा भडका उडे. तेरा किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या दुसऱ्या नावेत पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून कोलाडों बसले होते. भडका दिसण्यात आणि टोला ऐकू येण्यात जो काळ गेला त्यावरून ८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात वेग सेकंदाला १,४३५ मीटर आला.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. पण ते आकसायला हवेच्या सुमारे १५,००० पट विरोध करते. या दुसऱ्या आकड्यामुळे पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो.

फेसाळ पाण्याचे कोडे

काचेचा पेला टिचकीने वाजवला तर खणखणतो. त्यात फेसाळते पेय असेल तर मात्र ‘थद्द’ असा बद्द आवाज येतो. १९१० मध्ये आर्नल्फ मॅलॉक यांनी रॉयल सोसायटीपुढे सादर केलेल्या निबंधात याचे गणित मांडले. पुढे ब्रिटिश आरमारासाठी पाणबुडीविरोधी संशोधन करणारे ए. बी. वुड यांनी १९३० च्या आपल्या ध्वनिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ते सूत्ररूपाने दिले. आज ते वुड यांचे सूत्र म्हणूनच ओळखले जाते.

युक्तिवाद सोपा आहे. पाण्यात शेकडा एक भाग हवा बारीक बुडबुड्यांच्या रूपाने मिसळली, तर मिश्रणाचे वजन जवळजवळ पाण्याइतकेच राहते. पण दाब पडला की आकसण्याचे काम बुडबुडे करतात, म्हणून मिश्रण हवेसारखे मऊ होते. वजन पाण्याचे आणि मऊपणा हवेचा! मालगाडीचे जड डबे अगदी मऊ स्प्रिंगांनी जोडले, तर इंजिनाचा धक्का शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल, तसेच हे आहे.

आकडे पाहा. शुद्ध पाण्यात वेग सेकंदाला सुमारे १,४८० मीटर. पाण्याच्या पृष्ठभागाजवळच्या दाबाला, दहा हजारात एक भाग हवा असेल तर तो सुमारे ९३० वर येतो. हजारात एक भाग असेल तर सुमारे ३६५ वर. आणि शंभरात एक भाग असेल तर सुमारे १२० वर. हा वेग हवेतल्या ध्वनीच्या निम्म्याहूनही कमी आहे. हवा आणि पाणी निम्मे निम्मे असतील तर तो जेमतेम २४ मीटर उरतो.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. पाण्यात विरघळलेल्या वायूने वेगात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. वायू बुडबुड्यांच्या रूपात असावा लागतो. तसेच हे सूत्र कमी वारंवारतेच्या ध्वनीसाठी आहे. बुडबुड्याच्या स्वतःच्या कंपनाशी वारंवारता जुळली, तर ध्वनी मोठ्या प्रमाणात शोषला आणि विखुरला जातो.

वर्गात करून पाहा

१९८२ मध्ये बर्कलीचे फ्रँक क्रॉफर्ड यांनी ‘हॉट चॉकलेट परिणाम’ या नावाने एक घरगुती प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेच्या उंच पेल्यात गरम पाणी घ्या. त्यात चमचाभर कॉफीची पूड किंवा मीठ घालून ढवळा आणि लगेच चमच्याने तळावर आतून हलकेच ठोकत राहा. प्रथम स्वर एकदम खाली उतरतो. मग बुडबुडे वर येऊन फुटतात, तसतसा तो हळूहळू चढत मूळ जागी येतो. पाण्याच्या स्तंभाचा स्वर ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात बदलतो. वेग चौथ्या भागावर आला, तर स्वर दोन सप्तके खाली जाईल. हजारात एक भाग हवा त्यासाठी पुरते.

कोकणच्या समुद्रतळावर

आता पुन्हा आपल्या गाळाकडे वळू. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९६६ ची. समुद्रतळाचा अभ्यास करताना जहाजावरून ध्वनीचे स्पंद खाली सोडतात आणि गाळाच्या निरनिराळ्या थरांवरून परतणारे प्रतिध्वनी नोंदवतात. पश्चिम किनाऱ्यासमोरच्या उथळ समुद्रातील अशा नोंदींत काही ठिकाणी थरांच्या रेषा मध्येच नाहीशा होतात, जणू वरून पडदा ओढला आहे. संस्थेचे एच. एन. सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘मरीन जिऑलॉजी’ या नियतकालिकात याचे कारण दिले: गाळातील वायू. बुडबुड्यांचा थर ध्वनी परतवतो, विखुरतो, शोषतो आणि खालचे काही दिसू देत नाही.

जिथे खालचा थर दिसतो, तिथेही फसगत होऊ शकते. समजा, वायूयुक्त थर ३ मीटर जाडीचा आहे आणि त्यात वेग ५०० मीटर आहे. उपकरणाने नेहमीचा १,५०० मीटर वेग गृहीत धरला, तर तो थर ९ मीटर जाड भासेल.

याचे महत्त्व केवळ पुस्तकी नाही. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि पुढे समुद्रतळावरून उरणपर्यंत वाहिन्या आल्या. वायू साठलेला चिखल भार पेलायला कच्चा असतो, आणि विंधताना उथळ वायू अचानक उसळला तर अपघात होतो. म्हणून फलाट उभारण्यापूर्वी आणि वाहिन्या टाकण्यापूर्वी असे पट्टे माहीत असावे लागतात. दुसरा प्रश्न हवामानाचा. १९९४ मध्ये याच संस्थेच्या करिसिद्दय्या आणि वीरय्या यांनी हा मिथेन हरितगृह वायूचा संभाव्य स्रोत असल्याकडे लक्ष वेधले. उथळ पाण्यात बुडबुडे विरघळून जाण्याआधीच पृष्ठभागाशी पोहोचू शकतात.

ध्वनीच्या वेगाचा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: बुडबुड्यांचे पाणी हवेपेक्षा जड आणि पाण्यापेक्षा हलके, मग ध्वनी त्यात दोन्हींपेक्षा हळू का जातो? घनतेचे पाठ केलेले उत्तर येथे अडते, आणि स्थितिस्थापकतेचा विचार करावाच लागतो.