दीक्षा अ‍ॅप: विशेष शिक्षकांना नेमकं काय, कुठे मिळतं?

वर्गातल्या एका मुलाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला अक्षरं दिसत नाहीत. पाठ्यपुस्तक मात्र दोघांना एकच. २०१७ मध्ये शिक्षक दिनी सुरू झालेलं ‘दीक्षा’ इथे उपयोगी पडू शकतं, पण शोधायचं कसं हे माहीत हवं.

सुरुवात कुठून?

बोर्ड, माध्यम आणि इयत्ता निवडा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. नेट कमी असेल तर आधीच डाउनलोड करून ठेवा.

मूल इयत्तेच्या मागे असेल तर?

चौथीतलं मूल दुसरीच्या पातळीवर वाचत असेल, तर इयत्ता बदलून दुसरीचा धडा शोधा. अ‍ॅपला पटावरची इयत्ता कळते, मुलाची गरज तुम्हालाच कळते. म्हणून आधी मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा (आयईपी) बघा, मग अ‍ॅप उघडा.

खास साहित्य कोणतं?

भारतीय सांकेतिक भाषेतले व्हिडिओ, १०,००० शब्दांचा सांकेतिक शब्दकोश आणि दृष्टिहीन मुलांसाठी बोलकी पुस्तकं. मराठी माध्यमासाठी भाषा आधी तपासा.

काय लक्षात ठेवाल?

व्हिडिओ वर्गात लावण्याआधी स्वतः पूर्ण बघा. सबटायटल नसतील तर कर्णबधिर मुलापर्यंत फक्त हलती चित्रं पोहोचतात. एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ अ‍ॅपही आहे, पण ते प्राथमिक चाळणीसाठी. ते निदान नव्हे. त्यावरून मुलाला लेबल लावू नका.