चुकारा आणि हप्ता

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या पैशाला 'चुकारा' म्हणतात. घेतलेल्या मालाचं देणं चुकतं करायचं, तो चुकारा. सरकारी पैशाची आमच्या पिढीची पहिली ओळख याच शब्दानं झाली.

1971 साली कायदा झाला आणि 1972 च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारलाच विकायचा, व्यापाऱ्यानं मध्ये यायचं नाही. खरेदी पणन महासंघाची. गावात त्याला नुसतं 'फेडरेशन' म्हणत. बंड्यांची रांग लागायची. ग्रेडर कापूस हातात घेऊन ग्रेड ठरवायचा, काटा व्हायचा, पावती मिळायची. पुढं रुईच्या गाठी विकून नफा झाला तर हमीभावावर बोनस. कल्पना मोठीच होती. दिवाळीनंतर सगळ्यांचा कापूस एकदमच घरात येतो, भाव पडतो, आणि सावकाराचा तगादा असलेला माणूस पडत्या भावातच विकून मोकळा होतो. ही अडवणूक मोडायची होती.

अडलं ते पैशाच्या वेळेपाशी. चुकारा हप्त्याहप्त्यानं यायचा. सोसायटीचं कर्ज त्यातूनच कापलं जाई, पुढं भांडवल निधीची 3 टक्के कपातही आली. आमचे बाबा पावती देवघरात ठेवत. किराण्याची उधारी असो की बहिणीचं लग्न, उत्तर एकच: "चुकारा आला का देतो." दुकानदार पावती पाहून उधार द्यायचा, त्यावर व्याजही लावायचा. बाबा म्हणत, "माल आपुन देला, आन् उधारीबी आपल्याच मानेवर!"

बाहेर भाव चढला की बंदी असूनही कापूस रात्री पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडं जाई. तिथला व्यापारी रोख मोजायचा. इथला भाव जास्त असला की उलट तिकडचा कापूस इकडं येई, आणि तोटा योजनेच्या माथी बसे. भावासाठी माणसं रस्त्यावर उतरली. 10 डिसेंबर 1986 ला हिंगोलीकडच्या सुरेगावात कापूस आंदोलनावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. पुढं तोटा वाढत गेला, 2002 च्या सुमारास व्यापाऱ्यांनाही खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार नावापुरता उरला.

आता मोबाइल वाजतो: दोन हजार जमा. 2019 पासून केंद्राचे वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत, 2023 पासून राज्याचेही तेवढेच. ना रांग, ना ग्रेडर. म्हाताऱ्या माणसाच्या औषधापाण्याला हे पैसे कामी येतात, हेलपाटे वाचतात; ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण चुकारा क्विंटलवर होता, हप्ता सातबाऱ्यावर आहे. बटईनं शेत कसणाऱ्याच्या खात्यात तो येत नाही. आणखीही एक फरक आहे. चुकारा रखडला की बाबा केंद्रावर जाऊन चारचौघांत भांडायचे, कारण माल त्यांचा होता. हप्ता थांबला तर माणूस केवायसी झाली का, आधार जोडलं का, असं विचारत फिरतो. भांडत नाही. विकणारा होता तो 'लाभार्थी' झाला. देणं हक्कानं मागता येतं. 'सन्मान निधी' कसा मागणार?

कापूस मात्र अजून त्याच दिवसांत घरात येतो, आणि भाव अजून तेव्हाच पडतो.