हलकी अर्धस्वयंचलित रायफल (शिरूर–दौंड परिसर)

घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते. रिकामे टरफल बाहेर फेकले जाऊन पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते, ती अर्धस्वयंचलित रायफल. पुढच्या गोळीसाठी घोडा पुन्हा ओढावा लागतो, पण बोल्टला हात लावावा लागत नाही. पोलिसांच्या तोंडी असलेल्या ‘एसएलआर’ या नावाचा अर्थही तोच : स्वतःच भरली जाणारी रायफल. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड तालुक्यांत ती दिसते ती सरकारी खांद्यावर. खाजगी माणसाने नळी, दस्ता, दुर्बीण यांची जुळणी करून ती घ्यावी, असा बाजारच येथे नाही.

कारण कायद्याचे आहे. 1959 चा शस्त्र अधिनियम व 2016 चे शस्त्र नियम यांनुसार अर्धस्वयंचलित रायफली सर्वसाधारणपणे निषिद्ध वर्गात पडतात आणि त्यांचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती नसून केंद्रीय गृह मंत्रालयाकडे असतो. .303 किंवा 7.62 मिमी.चे लष्करी काडतूस चालणारी रायफल तर बोल्टची असली तरी निषिद्धच. लांब बंदुकांत परवानाधारकाला मुख्यतः उरते ती दुनळी बाराबोर किंवा ईशापूरच्या कारखान्याची .315 बोल्ट रायफल. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

म्हणजे निवडीचा खरा प्रश्न राज्यापुढे असतो, आणि त्याचे या भागातले ठिकाण दौंड. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्र. 5 व 7 यांची मुख्यालये येथे आहेत. बंदोबस्तावर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या जवानाला प्रत्येक पाव किलो जाणवतो. एसएलआर रिकामी असताना सुमारे 4.3 किलो भरते, लांबी 114 सेंमी. तिच्यामागून आलेली 5.56 मिमी. ‘इन्सास’ सुमारे 4.1 किलो व 96 सेंमी. वजनकाट्यावर हा फरक किरकोळच. हलकेपणा आहे तो काडतुसात. 7.62 चे एक काडतूस अंदाजे 24 ग्रॅमचे, 5.56 चे 12. शंभर काडतुसांमागे सव्वा किलोच्या आसपास ओझे कमी होते, धक्काही सौम्य बसतो. मोबदल्यात जड गोळीचा लांबवरचा जोर सोडावा लागतो. (इन्सास काटेकोर अर्थाने अर्धस्वयंचलित नव्हे, ती एकेक गोळीबरोबर तीन-तीनच्या फैरीही झाडते.) केवळ वजनच पाहिले तर जुनी बोल्टची .303 हीसुद्धा चार किलोंच्याच घरातली; तिचे उणे वेगात. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हाती ती होती, तर समोरच्या दहशतवाद्यांच्या हाती एके-47.

इन्सासचा आराखडा पुण्याच्याच पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेचा. याच संस्थेने एका खाजगी कंपनीसह जानेवारी 2024 मध्ये ‘उग्रम’ ही 7.62 मिमी. रायफल पुढे आणली. वजन 4 किलोंच्या आत व पल्ला 500 मी. असा तिचा दावा आहे. जड गोळी आणि हलकी रायफल हा जुना पेच तिथे पुन्हा सोडवायला घेतलेला दिसतो. काडतुसांसाठी खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून जिल्ह्यातच आहे.

शिरूरकडे बंदुकीचा विषय निघतो तो बिबट्यामुळे. उसाच्या फडात तो वर्षभर मुक्काम ठोकून असतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याचे नाव असल्याने मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशाशिवाय त्याच्यावर गोळी चालवता येत नाही, मग परवाना कोणताही असो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात माणसे दगावल्यावर नेमबाज बोलावून एक बिबट्या मारण्यात आला. गावकरी त्या दिवसांत शेतात जाताना गळ्याभोवती लोखंडी खिळ्यांचे पट्टे बांधत होते.