इमोजेन होल्स्ट : कन्या, लेखनिक, समीक्षक

गुस्ताव होल्स्ट (१८७४-१९३४) हा इंग्रज संगीतकार आपल्याला जवळचा वाटावा तो त्याच्या संस्कृत-प्रेमामुळे. ऋग्वेदातील सूक्ते स्वतः इंग्रजीत आणता यावीत म्हणून तो संस्कृत शिकला. ‘मेघदूता’वर त्याने समूहगायनाची रचना केली आणि वनपर्वातील सावित्री-आख्यानावर अवघ्या तीन पात्रांचा ऑपेरा रचला. त्याची एकुलती एक कन्या इमोजेन (१९०७-१९८४) मात्र इतिहासात दीर्घकाळ दोन थोर पुरुषांच्या तळटीपेपुरती उरली. एक तिचे वडील, दुसरा बेंजामिन ब्रिटन.

रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकत असताना १९२८ साली तिच्या चतुर्वाद्य-रचनेला पारितोषिक मिळाले होते. डाव्या हाताच्या शिरांच्या विकाराने पियानोवादनाची वाट बंद झाली. पुढे लोकनृत्ये, शाळा, युद्धकाळात खेडोपाडी फिरून हौशी गायकवादकांना शिकवणे, मग डार्टिंग्टन येथील अध्यापन. १९५०-५१ च्या हिवाळ्यात ती सुमारे दोन महिने शांतिनिकेतनात राहिली. वडिलांनी भारत ग्रंथांतून जाणला. कन्या प्रत्यक्ष येऊन शिकली. हा फरक लहान नाही.

१९५२ साली ती ऑल्डबरोला ब्रिटनच्या मदतीस गेली. एलिझाबेथ द्वितीय हिच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ मध्ये सादर व्हावयाच्या ‘ग्लोरिआना’ या ऑपेराचे लेखन वेळेत पुरे करायचे होते. १९६४ पर्यंत ती त्याची लेखनिक राहिली. (व्यासांच्या लेखनिकाने निदान एक अट तरी घातली होती!) लेखनिक म्हणजे नुसती नक्कल करणारी, असे मात्र समजू नये. ‘नोयीज फ्लड’ (१९५८) मधील पावसाचे पहिले थेंब दोरीला टांगलेल्या चहाच्या मगांवर वाजतात. ती युक्ती तिची. ऑल्डबरो महोत्सवाच्या कलासंचालकांपैकी एक म्हणून तिने १९५६ ते १९७७ काम केले.

साहित्याच्या अभ्यासकाला ती अधिक महत्त्वाची वाटावी ती समीक्षक म्हणून. १९३८ मध्ये तिने वडिलांचे चरित्र लिहिले आणि १९५१ मध्ये त्यांच्या संगीताची स्वतंत्र चिकित्सा केली. या दुसऱ्या पुस्तकात ती इतकी कठोर आहे की वाचणारा चकित होतो. वाग्नरच्या छायेतील आरंभीच्या रचनांना ती बिलकूल पाठीशी घालत नाही. आपल्याकडे थोरांच्या मुलांनी लिहिलेल्या आठवणींत आरती पुष्कळ असते, मूल्यमापन क्वचित. म्हणून हे पुस्तक मला विशेष वाटते. त्यात एक धोकाही होता. कन्येचा निवाडा हाच अखेरचा निवाडा मानला जाण्याची शक्यता होती. पण ती स्वतः त्या निवाड्यापाशी थांबली नाही. १९६४ नंतर तिने वडिलांच्या हस्तलिखितांच्या संपादनाला वाहून घेतले, १९६५ साली जॅनेट बेकरला घेऊन ‘सावित्री’चे ध्वनिमुद्रण स्वतःच्या संचालनाखाली केले, १९७४ च्या जन्मशताब्दीला समग्र रचनांची सूची सिद्ध केली. पुढे तिने या संगीताचा पुनर्विचारही लिहिला. तो १९८६ च्या आवृत्तीत, तिच्या मृत्यूनंतर, समाविष्ट झाला.

आणि तिचे स्वतःचे संगीत? ते या सगळ्याच्या फटींतून वाढले. एकट्या चेलोसाठी लिहिलेली ‘फॉल ऑफ द लीफ’ (१९६३) ही रचना तिच्या लेखनिकपणाच्या काळातीलच. पाच तंतुवाद्यांसाठीची तिची रचना १९८२ सालची आहे. तेव्हा ती पंचाहत्तर वर्षांची होती.