मजुरी दुप्पट झाली, मग मजूर गेले कुठे?

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा अभ्यास सुरू केला की काही आकडे आपल्याला हमखास अडवतात. 1980 च्या दशकाच्या मध्याला या योजनेत वर्षाला 18 कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम व्हायचं. (एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक मनुष्यदिवस.) 1988-89 मध्ये हाच आकडा साधारण 8 कोटींवर आला. आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी योजनेवरची मजुरी दुप्पट झाली होती. मजुरी वाढली तर कामावर येणारी माणसं वाढायला हवीत ना? इथे उलटं दिसतं. श्रमाच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी हे कोडं एकदा तरी स्वतः सोडवून बघावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं दुष्काळी कामांवर होती. मे 1973 मध्ये हा आकडा 50 लाखांच्या जवळ गेला. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव अशी ती कामं. मागेल त्याला काम देण्याची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधीच मांडली होती, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. दुष्काळानं ती राज्यभर नेली. पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर आला. पगारदारांच्या स्लिपवर आजही दिसते ती कपात मुळात यासाठी सुरू झाली. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला.

या कायद्यानं मोठा बदल केला. दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती, हमी हा हक्क झाला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा.

पण ही रचना कमी मजुरीवर उभी होती. मजुरी कमी ठेवली की ज्याला खरंच गरज आहे तोच उन्हात दगड उचलायला येईल, लाभार्थी निवडत बसायला नको, असा हिशोब. शिवाय शेतावरच्या मजुरीचे दर चढतील ही बागायतदारांची भीतीही शांत राहायची. दुसऱ्या बाजूला, राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मदतकार्य असलं तरी किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही, ती वेठबिगारी ठरते. महाराष्ट्रात 1988 मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं आणि त्याच्या बरोबरीनं योजनेची मजुरीही.

आता हजेरी का घसरली? पहिलं उत्तर पावसाचं. 1987 चं वर्ष दुष्काळी होतं, 1988 ला पाऊस चांगला झाला. शेतात काम मिळालं, म्हणून योजनेवर माणसं कमी आली. हे उत्तर खोटं नाही, पण पुरेसं आहे का? मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दर महिन्याच्या हजेरीचे आकडे घेऊन हेच तपासलं. मजुरी वाढीच्या आधीचा कल आणि हंगामाचा चढउतार लक्षात घेतला तर नंतर किती माणसं दिसायला हवी होती, असा त्यांचा प्रश्न. प्रत्यक्ष हजेरी त्यापेक्षा बरीच कमी निघाली. त्यांचा निष्कर्ष असा की काम मागणाऱ्या सगळ्यांना काम मिळत नव्हतं. मजुरी दुप्पट झाली, कामं मात्र त्या हिशोबानं उघडली गेली नाहीत.

मग हक्काचं काय झालं? गावात कुणी ‘काम नाही’ असं लेखी देत नाही. मागणी तोंडी राहते, अर्जाची पोच मिळत नाही, म्हणून 15 दिवसांची मुदत सुरूच होत नाही. काम निघालं तरी लांब निघतं. लहान मूल सांभाळणाऱ्या बाईसाठी लांबचं काम म्हणजे काम नसल्यातच जमा, आणि या योजनेवर बायांची संख्या मोठी होती. बेकारी भत्ता तर क्वचितच कुणाच्या हातात पडला. कायद्याचं एकही कलम न बदलता हमी आकसत गेली.

संशोधनाच्या दृष्टीनं मुद्दा साधा आहे. मस्टरवर कामावर आलेल्या माणसाची नोंद असते, परत पाठवलेल्याची नसते. मस्टर मजुरी वाटायला आणि खर्चाचा हिशोब द्यायला बनतं, गरज मोजायला नाही. म्हणून ‘हजेरी घटली’ या वाक्यावरून थेट ‘मागणी घटली’ या वाक्यावर उडी मारू नका. परत गेलेली माणसं शोधायची तर मोर्चांची निवेदनं, विधिमंडळातल्या चर्चा, जिल्हा वर्तमानपत्रं आणि त्या काळी कामावर गेलेल्या बायांच्या मुलाखती, इथे जावं लागतं.

आणखी एक सावधगिरी. यावरून ‘मजुरी वाढवणंच चुकलं’ असा निष्कर्ष काढू नका. मजुरीचा दर एका निर्णयानं ठरला, किती कामं उघडायची हे दुसऱ्या. घसरण या दोहोंच्या मधल्या फटीत झाली. पुढे 2005 च्या राष्ट्रीय कायद्याखाली हाच प्रश्न आला तेव्हा केंद्रानं जानेवारी 2009 मध्ये योजनेची मजुरी किमान वेतनापासून वेगळी करून स्वतंत्र दर ठरवला. तिथे दराची गाठ सुटली, महाराष्ट्रात 1988 मध्ये कामाची सुटली होती. तुम्ही ज्या धोरणावर काम करत असाल तिथे दर कोण ठरवतं आणि पैसा कोण सोडतं, हे आधी वेगवेगळं लिहून काढा. पुष्कळ वेळा प्रबंधाचा प्रश्न तिथेच सापडतो.