भूक मेली की एकदम वाढली? टॉनिक आणण्याआधी वजन करा

'अन्न गोड लागत नाही', 'तोंडाला चव नाही', 'दोन घास खाल्ले की पोट भरतं' अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. मग मेडिकलमधून टॉनिकची बाटली येते आणि 'सुगी उरकली की दवाखान्यात जाऊ' म्हणून विषय मागे पडतो. पण भूक बदलणं ही कित्येकदा आतल्या आजाराची पहिली खबर असते.

काळजी कधी करायची?

ताप, सर्दी, जुलाब, कडक ऊन यांनी भूक चार-आठ दिवस मंदावते आणि परत येते. दोन आठवडे झाले तरी भूक येत नसेल, तर तपासणी करावी. सोबत वजन पाहावं. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात शंभरात पाच इतकं वजन घटलं, म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 3 किलो, तर दवाखाना टाळू नये. घरी काटा नसेल तर खुणा असतातच: बांगड्या ढिल्या होतात, पॅन्ट कमरेवर थांबत नाही.

भूक कमी होण्याची कारणं

* टीबी : दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, वजनात घट. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये रुग्णाच्या बँक खात्यात जमा करण्याची योजना आहे.
* कावीळ : मळमळ, जेवणाच्या वासाचाही कंटाळा, डोळे पिवळे, लघवी गडद.
* जंत आणि रक्त कमी असणं : पोरं जेवत नाहीत, पण माती, खडू, कच्चे तांदूळ खातात. जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत मोफत मिळते. माती खायची सवय मोठ्यांतही दिसली तर रक्त तपासावं.
* किडनी, हृदय : भूक नाही, पायावर सूज, चालताना दम.
* घास अडकणं : गिळताना त्रास होतो म्हणून जेवण कमी झालं असेल, तर घसा आणि अन्ननलिकेची तपासणी लवकर करावी. तंबाखू, दारूची सवय असलेल्यांनी तर थांबूच नये.
* औषधं : शुगरची मेटफॉर्मिन, काही अँटिबायोटिक यांनीही मळमळ होते. गोळी मनानं बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं.
* मन : कर्ज, नापिकी, घरातला मृत्यू. माणूस गप्प होतो, ताट सरकवतो, झोप उडते. टेलिमानसच्या 14416 या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मळमळ होणं नेहमीचं आहे. मात्र पाणीही पोटात ठरत नसेल तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं.

भूक वाढली तरी सावध

भरपूर खाऊनही वजन उतरतंय, तहान लागते, रात्री लघवीला उठावं लागतं, ही शुगरची लक्षणं असू शकतात. भूक जास्त, हात थरथरतात, छाती धडधडते, घाम येतो, तर थायरॉईड तपासावं. 'अंग धरायच्या' गोळ्या म्हणून कुणी सुट्ट्या गोळ्या देत असेल तर त्या घेऊ नयेत. त्यात स्टिरॉइड असू शकतं. त्यानं भूक वाढते, तोंड सुजतं, शुगर आणि बीपीही वाढतं. भूक वाढवणाऱ्या काही औषधांनी गुंगी येते, त्यामुळे ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवताना धोका असतो.

रोजच्या सवयी

तंबाखू आणि मिश्रीमुळे भूक दबते. दिवसभर गोड चहा घेतला की भाकरीची वेळ टळते. दारूनं पेट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला काही लागत नाही. रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला जागरण झालं की दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं जास्त खावंसं वाटतं. म्हाताऱ्या माणसांत पडलेले दात, बद्धकोष्ठता आणि एकट्यानं जेवणं हीही कारणं असतात.

लगेच हलवा

फवारणीनंतर मळमळ, उलटी, तोंडाला लाळ, डोळ्यापुढं अंधुक दिसणं ही विषबाधा असू शकते. 108 ला फोन करावा आणि औषधाचा डबा सोबत न्यावा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, तरी थांबू नये.

डॉक्टरांना काय सांगाल?

भूक कधीपासून बदलली, आधीचं आणि आताचं वजन, चालू औषधं, तंबाखू-दारूची सवय. यातलं काही लपवू नये.

एक गोष्ट घरातल्यांनी पाहावी. घरची बाई सगळ्यांच्या शेवटी, बऱ्याचदा एकटी जेवते. तिची भाकर दोनवरून अर्ध्यावर आली तरी कुणाला कळत नाही. आठवड्यातून काही दिवस तरी सगळ्यांनी सोबत जेवायला बसावं, म्हणजे कुणाचं ताट कमी होतंय ते वेळेवर दिसेल.