भाषा व मेंदू

भाषेतील ध्वनी ओळखणे, शब्दांचा अर्थ लावणे, वाक्य रचणे व ते उच्चारणे या क्रिया मेंदूत कशा घडतात, याचा शास्त्रीय शोध एकोणिसाव्या शतकात यूरोपात सुरू झाला. प्रारंभी तो प्रामुख्याने एका भाषेच्या संदर्भातच झाला. मराठवाड्यातील पाथरीसारख्या (जि. परभणी) गावांत मात्र एकाच व्यक्तीच्या तोंडी दोन-तीन भाषा असणे ही जुनी व सर्वसाधारण गोष्ट आहे. बहुभाषिक माणसाचा मेंदू हा अपवाद नव्हे, हे या शास्त्राच्या ध्यानी उशिरा आले.

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रॉका यांनी १८६१ मध्ये लबॉर्न्य या रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली. या रुग्णाला दुसऱ्यांचे बोलणे बरेचसे समजे. परंतु ‘तां’ या एका अक्षरापलीकडे त्याला फारसे काही उच्चारता येत नसे. त्याच्या डाव्या ललाटखंडात विकृती आढळली. जर्मन वैद्य कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये याच्या उलट विकार वर्णिला. त्यात रुग्ण अस्खलित बोलतो. पण बोलण्यास अर्थ नसतो व ऐकलेले त्याला नीट कळत नाही. हा दोष डाव्या शंखखंडाच्या मागील भागाशी निगडित होता. यातून उच्चाराचे एक व आकलनाचे एक अशा केंद्रांची कल्पना रूढ झाली. पुढे ती अपुरी ठरली. लबॉर्न्यच्या जतन केलेल्या मेंदूची एमआरआय तंत्राने केलेली तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत इजा पृष्ठभागापुरती नसून खोलवरच्या तंतुमार्गांपर्यंत पोहोचल्याचे दिसले. भाषा ही अनेक भागांना जोडणाऱ्या जाळ्याची क्रिया आहे, असे आता मानले जाते.

हे जाळे भोवतालच्या भाषेने घडत जाते. पाथरीशी संबंधित एका घराण्याच्या इतिहासात याचे सूचक उदाहरण आढळते. फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते अहमदनगरच्या निजामशाहीचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते; तेथून ते विजयनगरच्या राज्यात गेले. या घराण्यातील एक ब्राह्मण मुलगा अहमदशाह बहमनीच्या (कार. १४२२–३६) सैन्याच्या हाती लागला व हसन या नावाने राजपुत्र मुहम्मदाबरोबर फार्सी शिकला. त्याच्या पित्याचे नाव भैरव. राजपुत्रास ते नीट उच्चारता येईना. म्हणून हसनला ‘बहिरी’ हे उपनाम पडले. ससाण्यावरून हे नाव आल्याची दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते. तथापि फार्सीत ‘भ’ हा महाप्राण ध्वनी नाही, हे लक्षात घेता फिरिश्ताचा वृत्तान्त भाषाशास्त्रदृष्ट्या असंभाव्य नाही. याच हसनचा मुलगा मलिक अहमद हा निजामशाहीचा संस्थापक होय. पूर्वजांच्या या गावासाठीच बुऱ्हाण निजामशाहाने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली.

परका ध्वनी जड का जातो, याचे स्पष्टीकरण विसाव्या शतकातील प्रयोगांनी दिले. कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी भाषक घरांतील अर्भकांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ हे ध्वनी ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक अर्भकांना त्यांतील फरक कळला; दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. पहिल्या वर्षातच मेंदू कानावर पडणाऱ्या भाषेच्या ध्वनींकडे झुकतो, असा याचा अर्थ आहे.

ज्या घरात वा गल्लीत दोन भाषा कानी पडतात, तेथे हे जाळे दोहोंसाठी घडते. पाथरी १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू, बाजाराची व शेतीची प्रामुख्याने मराठी आणि अनेक घरांत दखनी, असा तेथील व्यवहार होता. त्याच राज्याच्या राजधानीत, हैदराबाद येथील निजाम आयुर्विज्ञान संस्थेत, सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला (२०१३). एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा उद्‌भवल्याचे आढळले. निरक्षरांतही हा फरक दिसला. पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) बोधनक्षमता अबाधित राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषिकांत ४०·५ टक्के, तर एकभाषिकांत १९·६ टक्के होते. वाचाघाताचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. स्मृतिभ्रंशाबाबत इतरत्र झालेल्या सर्व अभ्यासांचे निष्कर्ष याच्याशी जुळत नाहीत.

वाचाघातानंतर कोणती भाषा आधी परतते, हा जुना वादविषय आहे. तेओद्यूल रीबो यांच्या मते प्रथम शिकलेली भाषा, तर आल्बेर पीत्र यांच्या मते (१८९५) आजारापूर्वी सर्वाधिक वापरातील भाषा आधी परतते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकार आढळतात. कधी सर्व भाषा बरोबरीने सुधारतात. म्हणूनच घरी दखनी व बाहेर मराठी बोलणाऱ्या रुग्णाची परीक्षा केवळ प्रमाण मराठीत घेतल्यास त्याची शिल्लक राहिलेली वाचा नजरेतून सुटण्याचा संभव असतो. उपचारापूर्वी रुग्णाच्या सर्व भाषांची, त्यांच्या वयानुक्रमाची व वापराची नोंद करणे त्यामुळे आवश्यक ठरते.